पुढच्या स्टेशनला चढणारी

राजेळी केळ्यांना कन्याकुमारीचं काय कौतुक? पिकायची वेळ आली की घड एकदम पिकतात, मग घरात कुणाचा हात मोडलेला असो की कुणाचं तिकीट काढलेलं असो. वटारच्या आग्नेल लोपिसांच्या घरी नेमकं दोन्ही होतं. आग्नेल वाडीतल्या पाटात घसरून उजवा हात मोडून बसले होते आणि त्यांच्या ॲंजेलाचं त्याच आठवड्याचं तिकीट होतं.

ही सहल कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून शिजत होती. ॲंजेला, जूचंद्रची ऋतिका आणि मार्क, तिघांनी देशाच्या टोकापर्यंत रेल्वेने जायचं, तेही स्लीपरने, खिडक्या उघड्या टाकून. पहिल्या वर्षी परीक्षा आडवी आली, दुसऱ्या वर्षी मार्कची कावीळ. आता शेवटचं वर्ष. यानंतर ऋतिका नोकरीसाठी पुण्याला आणि मार्क जहाजावर जाणार होता. आता नाही तर कधीच नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पप्पा म्हणत होते, तू जा, मी बघतो. ते कसं बघणार हे ॲंजेलाने आदल्या दिवशीच पाहिलं होतं. डाव्या हातात केळं आणि साल दातांनी ओढायची धडपड. सुकेळी करणं म्हणजे तान्हं पोर सांभाळणं. सोललेली केळी सकाळी उन्हात मांडायची, दुपारी एकेक हाताने परतायची, ऊन उतरलं की गोळा करून पानांखाली झाकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक दिवस हयगय झाली की आंबलीच. गावात आता हे करणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मम्मी गेल्यापासून या घरात ते हात ॲंजेलाचेच होते. कामणच्या गोदामात कामाला असलेली पॉलिन आंटी रजा मिळाली तर येते म्हणाली होती. त्या एका 'तर'वर ॲंजेलाने तिकीट रद्द केलं नव्हतं.

सकाळी मार्क बाइकवरून येऊन मागच्या खेपेच्या सुकेळ्यांचं पुडकं घेऊन गेला. ॲंजेलाची बॅग मात्र दारातच राहिली. आंटीला रजा देणारा साहेब अजून गोदामात आला नव्हता.

वसई रोडहून गाडी सुटली. जूचंद्रला ऋतिकाची आई गॅलरीत उभी राहून पिवळी ओढणी हलवत होती, हे ऋतिकाने फोनवर हसत हसत सांगितलं. ॲंजेलाही हसली आणि केळी मांडत राहिली. टीसी आला तेव्हा मार्कने साळसूदपणे सांगितलं, तिसरी मुलगी पनवेलला चढतेय. पनवेल गेलं. मग म्हणाला, चिपळूणला. टीसी भला माणूस होता. मुलगी गाडीच्या पुढे धावते की काय, एवढंच विचारून पुढे गेला.

दुपारी आंटीचा फोन आला. रजा नाही. ॲंजेलाने पप्पांना सांगितलं, मित्रांना मात्र कळवलं नाही. जीभच उचलेना. जोवर बोलत नव्हती तोवर तो बर्थ तिचा होता, आणि ती उन्हात केळी परतता परतता त्या खिडकीशी बसून नद्या मागे टाकत होती.

चिपळूणला कुडाळकडे निघालेली एक बाई चढली. कडेवर मूल आणि जागेचा पत्ता नाही. टीसीने तिला ॲंजेलाच्या बर्थवर बसवलं, ती पोरगी येईपर्यंत बसा म्हणाला. ऋतिकाने भीत भीत विचारलं, चालेल ना गं? ॲंजेला चालेल म्हणाली, पण मनात चर्र झालं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पुन्हा फोन आला. ऋतिका हळू आवाजात बोलत होती. मुलाने सुकेळ्यांचा फडशा पाडला होता. पण ती बाई काही केल्या मागे टेकत नव्हती. पोर मांडीवर घेऊन बर्थच्या कडेला अंग चोरून बसली होती. गाडी कुठेही थांबली की बोचकं उचलून उभी राहायची, दाराकडे बघायची आणि विचारायची, "तुमची मैत्रीण इली काय गे?"

ॲंजेलाला पुढे ऐकवेना. ऋतिका आणि मार्क थट्टेत तिला पुढच्या स्टेशनला चढवत होते. ही बाई मात्र सबंध दुपार, एकेका स्टेशनवर, खरोखर तिची वाट बघत होती. जावंसं तिला सकाळपासून वाटत होतं, पण इतकं आत्ताच वाटलं. अंगणात पप्पा डाव्या हाताने केळीचं पान दाबून धरून उभे होते. वाऱ्याने पान उडत होतं.

"तिला सांग," ॲंजेला म्हणाली, "मागे टेकून नीट बस म्हणावं. ती मुलगी येत नाहीये."

ऋतिकाने फोन ठेवला नाही. गाडीची खडखड येत राहिली, मग ऋतिकाने त्या बाईला हलक्या आवाजात काहीतरी सांगितलेलं ऐकू आलं.

ॲंजेलाने फोन कानाशी खांद्याने दाबून धरला आणि पानाचं दुसरं टोक पकडलं. कुठवर पोचले, पप्पांनी विचारलं.

"कणकवली येतंय," ती म्हणाली.