रिंगला न लागलेला बॉल

आमच्या गावात बास्केटबॉलचा रेफरी मी एकटाच. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! एरवी मी सुक्या खोबऱ्याच्या गोदामात वजनं करतो. पण शिट्टी माझी स्वतःची, त्यामुळे अठरा वर्षं मी म्हणेन तोच नियम.

तीन आठवड्यांपूर्वी ताक्लोबान शहरात रेफरींचा वर्ग होता. शिकवणाऱ्या एल्माबाईंनी बारा प्रश्न टाकले, माझे नऊ चुकले. बॉलवर असलेल्या हाताला फटका बसला तर तो फाउल नाही. मागून उंच उडी मारून बॉल काढून घेतला तर तोही नाही, धक्का दिला तरच. आणि नेम धरून मारलेला बॉल रिंगला, बोर्डाला, कशालाच न लागता खाली आला आणि मारणाऱ्यानेच तो पुन्हा पकडला, तरी ते ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात घेऊन चालणं, नाही. त्याने खुशाल बास्केट करावी.

हे शेवटचं मी एल्माबाईंना पुन्हा दोनदा विचारून घेतलं.

चार वर्षांपूर्वी फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, फायनलला तेम्योने नेमकं हेच केलं होतं. तेम्यो माझ्या पोरीचा धर्मपिता, म्हणजे माझा पारे, रक्ताच्या नात्याहून जवळचा. मी शिट्टी मारून त्याची बास्केट रद्द केली आणि त्याची टीम एका गुणाने हरली. जिंकलेल्या कॅप्टनला नगरपालिकेच्या टीममध्ये घेणार होते, सोबत ड्रायव्हरची नोकरी. ती दुसऱ्याला मिळाली. तेम्यो सौदीला गेला. तो तिकडे असताना त्याचा बाप वारला, मालकाने सुट्टी दिली नाही. शवपेटीला त्याच्या जागी मी खांदा दिला.

यंदा तो परत आलाय. रस्त्यात भेटला की हसतो, पण माझ्या घरची पायरी चढत नाही.

ताक्लोबानला काय शिकलो ते मी कुणालाच सांगितलं नाही. एका साध्या मॅचला तो हाताचा नियम तेवढा लावून पाहिला, तर माझ्या अंगावर दोन चपला आल्या. त्यातली एक माझ्या मेहुण्याची होती.

आणि मग यंदाची फायनल. भर दुपार, वर तापलेले पत्रे, चारी बाजूंना रेषेवर पाय टाकून बसलेलं गाव. बाहेर पडायचं म्हटलं तरी वाट नाही.

"पुलोंग, शाळा शिकून आलास म्हणे," आमचा कापितान, म्हणजे गावचा मुख्य, खुर्चीतून ओरडला. "आता तरी दिसतंय का नीट?"

"त्याला बायको दिसत नाही घरात, बॉल काय दिसणार!" भाजलेली केळी विकणारी बेबांग म्हणाली, आणि सगळे हसले. मीही हसलो.

चार सेकंद उरले होते. कोळ्यांची टीम एका गुणाने मागे. त्यांच्या रेक्सनने डावीकडून नेम धरून बॉल मारला. तो तोकडा पडला, कशालाच लागला नाही. पोरगं धावलं, स्वतःच बॉल पकडला आणि आत टाकला.

"ट्रॅव्हलिंग!" अख्खं गाव ओरडलं. कोळ्यांच्या बायकासुद्धा.

गावाची मला भीती नव्हती. चपला काय, खाल्ल्या असत्या. पण समोरच्या खांबाला टेकून तेम्यो उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. बास्केट दिली, तर चार वर्षांपूर्वीची त्याचीही बरोबर होती. मग ती नोकरी त्याची होती. बापाला खांदा त्यानेच दिला असता. नाही दिली, तर आज या पोराचा गळा कापायचा, आणि या वेळी जाणूनबुजून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिट्टी तोंडात होती. ती वाजली, आणि माझे दोन्ही हात छातीपुढे गोल फिरले. बास्केट रद्द.

रेक्सन धावत आला. "काका, मी नेम धरून मारला होता. खरंच."

"रिंगला लागला का?"

"नाही."

"मग झालं तर," मी म्हणालो. मला माझीच किळस आली.

लोक मैदानात उतरले. त्यांच्यातून वाट काढत तेम्यो माझ्यापर्यंत आला.

"पारे, एक सांगू?" तो म्हणाला. "रेफरीने आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील, या भीतीने तू माझी बास्केट खाल्लीस, असं चार वर्षं माझ्या मनात होतं. सौदीत रात्र-रात्र तुला शिव्या घातल्या. म्हणून तुझ्या घरी येत नव्हतो. आज बघितलं. तू सगळ्यांना सारखाच आहेस. चूक माझीच होती."

"तेम्यो, ऐक..."

"काही बोलू नकोस. आधीच मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. रविवारी जेवायला येतो, पोरीला सांग."

मी तोंड मिटलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चार वर्षांनी तो जेवायला येणार होता.

मग तो रेक्सनकडे वळला. पोरगं खाली बसून रडत होतं. तेम्योने त्याला दंडाला धरून उठवलं. "रडतोस काय? नियम आहे तो. मलाही हाच लावला होता यांनी, आणि मी तर घरचा. चल, काकांचा आशीर्वाद घे."

रेक्सनने नाक पुसलं, वाकला आणि माझा उजवा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. कपाळ घामाने ओलं आणि तापलेलं होतं.

"देव भलं करो," मी म्हणालो. असंच म्हणायची रीत आहे.