उचलणारा माणूस

गुडघ्यातून आवाज आला तेव्हा मी यांच्या हातांवर होते. पलंग आणि बाथरूम यांच्या बरोबर मध्ये. कट्, असा आवाज, आणि पाठोपाठ यांनी श्वास आत ओढल्याचा.

"काय झालं हो?"

"काही नाही."

"काही नाही कसं? पांढरेफटक पडलाय!"

"तू हलू नकोस. अजिबात हलू नकोस."

आता मी काय हलणार, कप्पाळ! कमरेखाली मला काही हलवता येत नाही, हे या माणसाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? पण यांनी मला सोडलं नाही. भिंतीला पाठ लावून, एका पायावर सगळा भार घेऊन हळूहळू खाली घसरत आले आणि जमिनीवर बसले. मी मांडीत. मला ओरखडासुद्धा आला नाही.

फोन टेबलावर. आम्ही दोघं खाली, फोटोला बसल्यासारखे. मग ओरडायला लागलो. शेजारचे मास्तर धावत आले, दारातून आत डोकावले, आम्हाला तसं बघितलं आणि "अरेरे, माफ करा हं" म्हणत आल्यापावली परत वळले!

"अहो मास्तर, परत या! गुडघा गेलाय यांचा!" मी किंचाळले. घाबरले होते, तरी मला हसू फुटलं. हे मात्र हसले नाहीत. त्यांच्या कपाळावरून घाम टपटप माझ्या केसांत पडत होता.

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांतले, गोदामांतले. तरुणपणी अंगाने अगदी काडी. व्यायाम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी मी छापखान्याच्या जिन्यावरून पडले, पाठीचा कणा दुखावला आणि पाय गेले. मी घरी आले त्याच आठवड्यात यांनी कामावरून बाद झालेली लोखंडी वजनं पिशवीत घालून आणली आणि पहाटे उठून उचलायला लागले. बैठका, जोर, जिन्यावरून चढउतार. शिकवायला कुणी नाही, आपलं आपणच. बायकोला उचलायचं तर अंगात बळ हवं, एवढाच हिशेब.

पुढेपुढे मात्र गोडी लागली. साठीला टेकलेला माणूस आरशासमोर उभा राहून दंड फुगवून बघायचा. गल्लीतली पोरं पैलवान म्हणायची, तर वरवर रागावायचे आणि आतून खूश. मला उचलताना "हूं" असा आवाजसुद्धा करायचे नाहीत. माझं वजन त्यांना हातावरच कळायचं. "या महिन्यात भरलीस हं," म्हणाले की मी जेवताना हात आखडता घ्यायचे. एकदा हे कामावर असताना मी आपली आपण खुर्चीत यायला गेले आणि पडले, तेव्हा यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर ते धाडस केलं नाही. सकाळी हे मला पलंगावरून खुर्चीत बसवायचे, मी खुर्चीची चाकं फिरवत घरभर हिंडायचे, छापखान्याची मुद्रितं तपासायचे आणि संध्याकाळी यांची वाट बघायचे. सकाळच्या चहानंतर संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा माझा नेम होता. कारण बाथरूमला न्यायला हे संध्याकाळीच यायचे. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

गुडघा बदलावा लागला. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "छान झालंय. महिन्याभरात चालाल. पण आता पाण्याच्या बादलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. कायमचं."

"आणि बायको?" यांनी विचारलं.

सर्जन खो खो हसले. त्यांना वाटलं, माणूस मोठा विनोदी आहे.

मदतीला यांची धाकटी बहीण आली. स्वभावाने सोन्यासारखी, पण तोंडाला कुलूप नाही. ती आणि आमची कामवाली, दोघी मिळून मला उचलायच्या. एकीने काखेत धरायचं, एकीने पाय. दोन वेळा मी पडता पडता वाचले. नणंदबाईंची कंबर धरली.

"वहिनी, रागावू नकोस," एक दिवस ती माझ्याशेजारी बसून म्हणाली. "मी किती दिवस पुरणार? गावाबाहेर ती संस्था आहे ना, मी बघून आले. स्वच्छ आहे. बायका आहेत उचलायला. खिडकीसुद्धा आहे."

"खिडकी इथेही आहे," मी म्हटलं.

"दगडापेक्षा वीट मऊ, वहिनी. दादा काय आता तुला उचलणार?"

दादा पलंगावरून ऐकत होते. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी गुडघ्याचे व्यायाम दुप्पट केले. सांगितलं होतं टाच हळू मागे ओढा, तर हे दात-ओठ खाऊन ओढणार. उभं राहायचं तर वॉकर सोडून. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" नणंद म्हणाली.

"सासरे म्हणायचेच, यांची अक्कल गुडघ्यात आहे," मी म्हटलं. "आता तो गुडघाच बदलला, बघू काही फरक पडतो का."

वरवरच हसत होते मी. त्या खिडकीवाल्या खोलीत मी स्वतःला बघत होते. परक्या बायका, परके हात. मी यांच्या गुडघ्याकडे अशी बघायचे, जसं काही माझं घर त्या टाक्यांवर उभं होतं. आणि होतंच की.

यांना व्यायाम द्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. लहानखुरी, पण हात पोलादाचे. सुजलेला गुडघा बघून तिने यांना चांगलं फैलावर घेतलं.

"काका, कशासाठी एवढी घाई? शर्यतीत पळायचंय?"

"हिला उचलायचंय."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "काकू, तुम्ही पलंगावरून खुर्चीत कशा येता?"

"हे उचलतात."

"आणि हे घरी नसले की?"

"मग येत नाही."

ती माझ्याजवळ आली, म्हणाली, "माझे हात ढकला बघू." मी ढकलले. ती दोन पावलं मागे गेली. "अहो काकू, दांडगा जोर आहे की हातांत! खुर्चीने कमावलाय." आणि दुसऱ्या दिवशी येताना ती एक फळी घेऊन आली. साधी लाकडी फळी, दोन्ही टोकांना गोलाई दिलेली, घासून गुळगुळीत केलेली.

तिने खुर्ची पलंगाला चिकटवली, खुर्चीचा एका बाजूचा हात काढून ठेवला, फळीचं एक टोक माझ्या मांडीखाली सरकवलं, दुसरं खुर्चीवर. "पुढे वाका. मुठी टेका. आता बूड थोडंसं उचला आणि सरका. थोडंथोडं. मी धरलंय."

पहिल्यांदा मी घाबरून मागे पडले. दुसऱ्यांदा अर्ध्यात अडकले. तिसऱ्यांदा सरकले, परत सरकले, आणि खुर्चीत होते.

मी खुर्चीत होते हो! कुणी उचललं नव्हतं. मुलीने तर केव्हाच हात काढून घेतले होते, मला पत्ताच नाही. कानांत नुसतं सूं सूं. नणंद दारात तोंडाला हात लावून उभी. "अगंबाई!" एवढंच म्हणाली. मी हसत होते की रडत होते कोण जाणे. आणि तशीच मी यांच्याकडे वळले. सगळ्यात आधी कुणाकडे बघणार दुसरं?

यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

हे खाली मान घालून बसले होते. त्या फळीकडे बघत होते, आणि नवीन वस्तूकडे माणूस असं बघत नाही. लग्नाला तीस वर्षं होत आली, तो चेहरा मला वाचता येतो. माझं हसू जागच्या जागी विरलं.

मुलगी गेली. जेवणं झाली, नणंद आतल्या खोलीत आडवी झाली. मी खुर्ची यांच्या पलंगाला लावली.

"तुम्ही ही फळी आधी बघितलीय."

यांनी चादरीची घडी सारखी केली.

"अहो, मी विचारतेय."

"तू पडलीस तेव्हाच्या हॉस्पिटलात," हे म्हणाले. "तू झोपली होतीस. व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मला दाखवलं. म्हणाल्या, आठ-पंधरा दिवसांत शिकतील. फळी हातात पण दिली होती."

"मग?"

"परत केली. म्हटलं, मी असताना फळी कशाला?"

धक्का बसला म्हणणं म्हणजे काहीच नाही. मी नखशिखांत हबकले. नऊ वर्षं! एका फळीपायी! मी समोरच्या माणसाकडे बघत होते आणि मला ओळख पटेना.

"घरी आल्यावर सांगणार होतो," हे म्हणाले. "शपथेवर. पण पहिल्यांदा उचललं तेव्हा तू माझ्या मानेभोवती हात टाकलास. लग्नाला वीस वर्षं झाली होती, असा हात तू कधी टाकला नव्हतास. मग आज सांगू, उद्या सांगू… राहून गेलं. मला आवडायचं गं तुला उचलायला."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही बरं वाटलं होतं. माझ्यासाठी कुणी एवढं बळ कमावतंय, याचा मी शेजारणींपुढे तोरा मिरवला होता. म्हणूनच की काय, राग आणखी भडकला.

"मी दुपारी पाणी पीत नाही, हे माहीत आहे तुम्हाला?"

"हो? का?"

"का!" माझा आवाज चढला. आतल्या खोलीत नणंदेची खाट कुरकुरली. "कारण तुम्ही संध्याकाळी येता म्हणून! कुणाजवळ जाऊ मी दुपारी? उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटते. डॉक्टर दोनदा म्हणाले ना, पाणी कमी पडतंय म्हणून लघवीत जंतू होतायत? तुम्हीच गोळ्या आणल्या होत्या!"

यांचं तोंड उघडं राहिलं. "रोज?"

"रोज."

"मला वाटलं, तुला तहानच कमी लागते."

मी दोन घास जास्त खाल्ले तरी ज्या माणसाला हातावर कळायचं, त्याला हे कळलं नव्हतं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला पुसावंसं वाटलं नाही. वाईट वाटलं, तरी नाही वाटलं.

त्यानंतर यांनी व्यायाम सोडला. मुलगी यायची, पाय तिच्या हातात द्यायचे, ती वाकवेल तेवढा वाकवून घ्यायचे. ती गेली की भिंतीकडे तोंड. ती वैतागली. "काका, आत्ता नाही वाकवलात तर हा गुडघा असाच राहील. जिना उतरता येणार नाही, दुकानं फिरता येणार नाहीत."

"आता कशासाठी?" हे म्हणाले.

मी मात्र झपाटले होते. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून पलंग. मग बाथरूममध्ये कमोडवर, भिंतीला बसवलेल्या दांडीला धरून. तळहात सोलवटले. नणंद दोन-तीन दिवस बघत राहिली, मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी कंबर मोडून घेतली ती उगाच? वहिनी, अगं पंधरा दिवस आधी शिकायचंस ना!" संस्थेला तिने फोन करून नको म्हणून कळवलं. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि भावाला म्हणाली, "दादा, पाय वाकव. मुकाट्याने वाकव." तिला काय ठाऊक आहे, काय नाही, मी विचारलं नाही.

ती गेली त्या दुपारी घरात आम्ही दोघंच. मी काम करता करता तांब्याभर पाणी प्यायले होते. घटाघटा, यांच्या देखत. आणि मग जायची वेळ आली.

मी खुर्ची वळवली. हे लगेच उठले. वॉकर बाजूला सारला आणि माझ्यासमोर येऊन थोडे वाकले, दोन्ही हात पुढे. काही विचार करून नव्हे. नऊ वर्षांची सवय, अंगच उठलं. नवा गुडघा थरथरत होता. उचलायला उभा राहिलेला माणूस, आणि हात रिकामे.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

"मी नुसता जवळ थांबतो."

"वॉकर धरा आधी. पडाल."

त्यांनी वॉकर धरला. माझी खुर्ची जाईल एवढी वाट दिली. इतकी वर्षं ते मला आत बसवायचे आणि दाराशी पाठ करून उभे राहायचे. दार उघडंच असायचं. बंद कोण करणार, आणि कुणापासून? आज मी आत गेले, खुर्ची फिरवली आणि दार लोटून घेतलं. कडीला गंज चढला होता. सरकता सरकेना. मी मुठीने ठोकली, दोनदा, तीनदा, तेव्हा बसली.

"अगं, कडी कशाला लावतेस?" बाहेरून आवाज आला. "पडलीस तर?"

मी फळी मांडीखाली घेतली, दांडी धरली, सरकले. बसले. एकटी. दुपारच्या उजेडात, बंद दाराआड, बाई बसते तशी.

वॉकर बराच वेळ दाराशीच होता. मग यांचा आवाज आला.

"बरं," हे म्हणाले.

आणि वॉकरची टकटक हळूहळू पलंगाकडे गेली.