पूजेत न मांडलेली हत्यारं

“मिक्सरला कुंकू, आणि माझ्या पान्यांना नाही?”

गोजराबाई कमरेवर हात ठेवून पाटासमोर उभ्या होत्या. आयुधपूजा नुकतीच झाली होती. लॅपटॉप, मिक्सर, विळी, सगळ्यांवर झेंडू वाहिलेला. दारात कारच्या चाकांखाली लिंबंही ठेवून झाली होती.

“दसरा झाला की ज्यूसवाला दुकानाचा ताबा घेणार, आई,” ऋतुराज म्हणाला. “तुझी हत्यारं भंगारात जायची. त्यांची पूजा कशाला?”

“मला विचारलंस?”

“स्वल्प, थोडं समजून घे ना. बोटं बघ तुझी. सकाळी चहाचा पेला धरवत नाही.”

हे खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. मल्लेश्वरमच्या त्या कानडी गल्लीत घराच्या पुढच्या खोलीतच पंक्चरचं दुकान होतं. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस टायर काय उघडणार. त्याच लोकांच्या गाड्यांचे टायर गोजराबाई आजवर उघडत आल्या होत्या.

तेवढ्यात एक मुलगी घामाघूम होऊन मोटरसायकल ढकलत दाराशी आली. “भैया, मेकॅनिक हैं क्या?”

“मी आहे,” गोजराबाई म्हणाल्या.

“अय्या, मराठी! काकू, मी सिद्धी. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हमधून हवा जातेय. सगळी दुकानं फिरले, सगळे म्हणतात आज हत्यार उचलत नाही. संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीला शिफ्ट आहे माझी.”

“बरोबर आहे त्यांचं,” ऋतुराज म्हणाला. “आई, आज हत्यार हलवायचं नसतं.”

गोजराबाईंना हसू फुटलं.

“पूजेला मांडलेलं हलवायचं नसतं. माझं कुठं मांडलंस?”



त्यांनी चाक उतरवलं, गुडघा टेकवून टायरची कड सोडवली. सरळ उभा व्हॉल्व्ह मुळाशी चिरला होता. “ही ब्रेकची मोठी डिस्क आडवी येते ना? पंपाची नळी घुसवताना दर वेळी हा मुरगळतो. वाकड्या मानेचा लावू, म्हणजे नळी बाजूनं बसेल.”

सिद्धीने खणातून लांब, लाल, चकचकीत व्हॉल्व्ह उचलला. “हा क्यूट आहे!”

“क्यूट आहे गं, पण फिरताना ब्रेकला घासेल.” त्यांनी आखूड घेतला. पहिला चाकाच्या भोकात शिरेना. दुसरा बारीक बुंध्याचा, तो नेमका बसला. त्याची मान त्यांनी डिस्क नसलेल्या बाजूला वळवली आणि नट आवळायला घेतला.

बोटं मिटेनात.

“दे, मी आवळतो,” ऋतुराज पुढे झाला.

“सरक.”

त्यांनी पान्याला पदर गुंडाळला आणि तळहाताने रेटला. टायर बसवून हवा भरली, व्हॉल्व्हच्या मुळाशी साबणाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा फुगला. मग दुसरा.

“राहू दे, आई,” ऋतुराज हळूच म्हणाला.

गोजराबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जास्त आवळलं तर आतलं रबर चिरडेल, कमी पडलं तर हवा जाईल. त्यांनी डोळे मिटून पाना किंचित रेटला. पुन्हा पाणी सोडलं. पाणी तसंच राहिलं, गप्प.

चाक चढवून फिरवलं. वाकडी मान ब्रेकजवळून मोकळी निघून गेली. कुठे घासल्याचा आवाज नाही.

गोजराबाईंनी कारच्या चाकाखालचं एक लिंबू काढलं आणि मोटरसायकलच्या पुढच्या चाकाखाली ठेवलं.

“अगं, ते माझ्या गाडीचं!” ऋतुराज ओरडला.

“तुझी कार दारातच उभी आहे. हिला लांब जायचंय.”

लिंबू चिरडून सिद्धी निघून गेली. गोजराबाईंनी पाने आणि टायरच्या पहारी तशाच, ग्रीससकट आत आणल्या. मिक्सर थोडा बाजूला सारून पाटावर मांडल्या.

“आता लाव कुंकू. उद्या सकाळी मी उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

“आणि ज्यूसवाला?”

“ज्यूसवाल्याला दुसरी जागा शोधायला सांग.”

ऋतुराज खाली बसला. करंडा उघडून त्याने मोठ्या पान्यावर बोट टेकवलं. ग्रीसवर कुंकू घट्ट धरलं. त्याचं बोट लाल झालं आणि काळंही. ते पुसायला त्याने इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा आईने आपला पदर पुढे केला.