झाकणाखाली राहिलेला कागद

मित्रांनो, भातकुलीच्या तहसील कचेरीसमोर देवमनभाऊचं दुकान आहे. तिथली जुनी झेरॉक्स मशीन ती मी. अमरावतीच्या एका ऑफिसातून मला भंगारात काढलं, तेव्हा देवमननं मला स्वस्तात उचलून आणलं. येताना ऑटोत दणका बसला. तेव्हापासून मी काढलेल्या प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला एक काळी रेघ येते. गिऱ्हाईक कुरकुरलं की देवमन म्हणतो, "रेघ फुकट आहे, घ्या."

सातबारा, आधार कार्ड, जातीचा दाखला, सारा तालुका माझ्या काचेवर पालथा पडून गेला. मला त्याचं काही वाटत नाही. ठेवाल ते काढून देते. देवमनही कागद मोजतो, वाचत नाही.

एका दुपारी पिंकी आली. गावातलीच, बी.ए. झालेली. दुसऱ्या दिवशी अमरावतीला एका खासगी अभ्यासिकेत देखरेखीच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. ही नोकरी नाही मिळाली तर पुढच्या आठवड्यापासून आईसोबत मजुरीनं शेतात निंदायला जायचं, असं घरी ठरलं होतं. आणि तिचा बायोडाटा अर्धं पानही भरेना. नाव, पत्ता, शिक्षण. अनुभवापुढे नुसती आडवी रेघ.

"भाऊ, पान भरल्यासारखं दिसंन असं करा ना काही. अक्षर मोठं करा."

"अक्षर मोठं करून अनुभव येते काय?" देवमन हसला. "माह्या साळ्याचा कम्प्युटर क्लास होता. बंद पडला, पन शिक्का आहे माह्यापाशी. दोन वर्साचा अनुभव मारून देतो."

पिंकीनं बायोडाट्यातल्या आडव्या रेघेवरून बोट फिरवलं. मग खाली पाहत म्हणाली, "द्या मंग."

खरं सांगते, तेव्हा मला तिचा राग आला. आपल्याला बोलता येत नाही याचा त्याहून जास्त आला.

मार्कशीट ठेवायला देवमननं माझं झाकण उचललं, तर काचेवर आधीच एक कागद. सकाळी पिंकीच तो विसरून गेली होती. ती गेली आणि लाइनही गेली, ती दुपारीच आली, म्हणून तोवर कोणी झाकण उचललंच नव्हतं.

"कोणाचा वं हा पेपर?"

"माह्याच. आपल्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत रविवारी पोरायची चाचणी आहे."

"पेपर तू काढतं?"

"पेपर, हजेरी, पुस्तकं देनं-घेनं, सारंच. चाळीस पोरं येतात. चार वर्सं झाले."

"मंग हे लिवलं काहून नाई?"

"त्याचा पगार थोडीच भेटते, भाऊ! त्याले कोन अनुभव म्हनते?"

"अवं बाप्पा! ज्या कामाची नोकरी मांगून राहिली, तेच काम चार वर्सापासून करून राहिली ना तू!"

शिक्का ड्रॉवरात परत गेला. देवमननं एकेक काम विचारून टाइप केलं. विहार समितीच्या अध्यक्ष चतुराबाई निरोप मिळताच लेटरपॅड घेऊन आल्या. "कुलूप रोज हेच पोरगी उघडते, तसंच लिवा," म्हणाल्या, आणि सहीखाली आपला फोन नंबर टाकला. अर्ध्या तासात पान भरलं. खर्च तीस रुपये, वर चहा देवमनकडून.

मुलाखतीत तिला एकच विचारलं म्हणे, पोरं गोंधळ करतात तेव्हा काय करता? पिंकी बोलत सुटली ती त्यांनीच थांबवेपर्यंत. मग त्यांनी चतुराबाईंना फोन लावला. आठव्या दिवशी नेमणुकीचं पत्र माझ्या काचेवर ठेवताना तिनंच हे सांगितलं. देवमननं पत्र आधी वाचलं, मग झेरॉक्स काढली. काळ्या रेघेबद्दल पिंकी एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, माझी काच अधूनमधून पुसत जा. पिना काढल्याशिवाय कागद ठेवू नका, ओरखडे पडतात. आणि निघण्याआधी माझं झाकण एकदा उचलून पाहा. आपलं काय आत राहून गेलं, हे माणसाच्या ध्यानात राहत नाही. त्या दिवशी पिंकी झेरॉक्स घेऊन अमरावतीला रुजू व्हायला आनंदात निघाली, आणि मूळ पत्र माझ्याच झाकणाखाली राहिलं. देवमन ते हातात घेऊन एसटी स्टँडपर्यंत पळत गेला.