दोन अष्टम्या

रामू तांडेलाचं बारावं होऊन चार दिवस झाले आणि चिटणीस साहेब नवापूरला समाचाराला आले. समाचाराला माणूस रिकाम्या हाताने येतो. हे चामड्याची बॅग घेऊन आले होते. रामूच्या मुलीने, लाडकीने, आधी बॅग पाहिली आणि मग माणूस.

ती पालघरच्या शाळेत शिकवत असे, रजेवर होती. तिने चटई टाकली. आई, गोदूबाई, आतल्या दाराला टेकून बसली.

"तुमच्या वडिलांची निरीक्षणशक्ती दांडगी," साहेब म्हणाले. "शिकले असते तर कुठल्या कुठे गेले असते!"

कुठे, ते लाडकीने विचारलं नाही. बहुधा साहेबांच्या खुर्चीवर. तिथून समुद्र दिसत नसे.

दोन वर्षांपूर्वी, तिकडे तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात असताना, इकडे धक्का बांधू पाहणाऱ्या एका कंत्राटदाराने किनाऱ्यावर फुटांच्या खुणा रंगवलेला खांब रोवला. भरतीचं पाणी कुठवर चढलं ते रोज लिहायचं काम रामूला मिळालं. तो चौथी शिकलेला होता आणि भरतीची वेळ त्याला घड्याळाशिवाय कळे. तिथीची पाऊणपट केली की झालं. अष्टमीला सहा वाजता दर्या भरलेला. वहीतही तो तिथीच लिही. शुद्ध पक्षाला पोकळ वर्तुळ, वद्याला शाईने भरलेलं.

तीन महिन्यांनी कंत्राटदाराच्या कचेरीतल्या चिटणिसांनी वही तपासली. एका महिन्यात दोन पंचम्या, दोन अष्टम्या, आणि दुसरीपुढे शाईचा डाग! पाण्याचे आकडे वेगळे होते, तेही त्यांना लबाडीचाच पुरावा वाटले. रोजंदारीसाठी माणसाने एकेक दिवस दोनदा लिहिला, असा शोध लावून त्यांनी निम्म्या ओळींवर लाल रेघा ओढल्या, पुठ्ठ्यावर 'नोंदी खोट्या' असं लिहून वही परत केली आणि रामूला काढून टाकलं. बोईसरच्या दुसऱ्या कंत्राटदारांनीही मग त्याला उभं केलं नाही.

"शिकलेला मानूस, घाईत असंल," एवढंच तो म्हणाला, आणि नवी वही आणून स्वतःसाठीच लिहीत राहिला. यंदा तापाने गेला. अपमानाने गेला असं लाडकी कुणाला सांगत नव्हती. खोटं दुःख तिला नको होतं. पण पुठ्ठ्यावरचे ते दोन शब्द ज्याने लिहिले त्यानेच खोडावेत, एवढं तिला हवं होतं.

"भरती मोजायचं आमचं परदेशी यंत्र वाळूने गुदमरलं," साहेब मुद्द्यावर आले. "सहा महिने कागद कोरा. विज्ञानात हे चालायचंच. वडिलांनी पुढेही वह्या लिहिल्या म्हणे. कंपनी मोबदला देईल. आणि तुम्ही तरी शाळेत किती दिवस खडू झिजवणार? आमच्या कचेरीत जागा आहे. भवितव्याचा विचार करा."

"पण त्या नोंदी तर खोट्या ना?"

"सगळ्या नव्हेत हो. दुबार ओळी आम्ही गाळून घेऊ."



"साहेब, तुमच्या आई एकादशी करतात?"

"कडक. पाणीसुद्धा नाही. का?"

"महिन्यातून किती वेळा?"

साहेबांनी बोटांवर मोजलं: एक शुद्ध, एक वद्य. कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"आपल्याला... इंग्रजी तारखांची सवय," ते पुटपुटले. "मी कंपनीत तोंडी सांगतो सगळं."

लाडकीने पहिली वही आणि दौत-टाक त्यांच्यापुढे ठेवला. "पुठ्ठ्यावरचं खोडा. मग प्रत्येक लाल रेघेशेजारी लिहा, 'नोंद बरोबर', आणि खाली सही."

"बाई, हे कुणी पाहिलं तर माझी बढती अडकेल. पुढच्या महिन्यात मुलाखत आहे!"

"आणि सहा महिने कोरे दाखवलेत तर?"

चंद्र महिन्यातून दोनदा अष्टमीला येतो हे ज्यांना दोन वर्षांत उमगलं नाही, त्यांना हे गणित चटकन सुटलं. त्यांनी टाक उचलला आणि आधी पुठ्ठ्यावरचे दोन शब्द खोडले.

विसाव्या ओळीला ते थांबले. "सगळ्यांचं मिळून खाली एकदाच लिहिलं तर?"

"रेघा मिळून एकदाच मारल्या होत्या?"

दारातून गोदूबाई म्हणाली, "लिव बाबा, लिव. चा ठेवते. आमच्यात कोन चा देऊन हिशेब मांडत नाय."

चव्वेचाळीस ओळी संपल्या. "सगळ्या वह्या इथेच राहतील," लाडकी म्हणाली. "माणूस पाठवा, ओटीवर बसून उतरवून घेईल." साहेबांनी मान डोलवली आणि रिकामी बॅग उचलून निघून गेले. चहा तसाच राहिला.

"काय लिवलं त्यानं?" गोदूबाईने विचारलं.

"बरोबर आहे, म्हणून लिहिलं. चव्वेचाळीस वेळा."

"ते तुज्या बापाला ठावं नवतं काय?" म्हातारीने पदराने नाक पुसलं. "लिवनाऱ्यालाच ठावं नवतं."

लाडकी वही मांडीवर घेऊन बसली. शाळेत बरोबरची खूण मिळाली की मूल वही घेऊन घरी धावत सुटतं, कुणाला तरी दाखवायला. लाडकी घरातच होती, फक्त दाखवायला बाप नव्हता.