ओळंब्याचा कौल

हॉलमध्ये दोनशे माणसं आणि दोनशे दोरे. दोऱ्यांना किल्ल्या, अंगठ्या, कुलपं टांगलेली. व्यासपीठावर खात्रीबाबा गर्जत होते, "सरळ झुललं तर हो, गोल फिरलं तर नाही! शंका सोडा, सुखी व्हा!" आणि हात स्थिर ठेवूनही दोरे खरंच झुलत होते.

मी चुळबुळत बसलो होतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे मला चहात साखर घातली की नाही याचीही खात्री नसते. समाजाला मात्र खात्री आयती हवी, वर सुख फुकट. एरवी मी गंमत बघून घरी गेलो असतो. पण शेजारी माझी सख्खी ताई होती, आणि बाबांच्या नादाने तिने चार दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. सारखी पाणी पीत होती. मला भीती वाटत होती.

तिच्या हातात भाऊजींचा ओळंबा होता, भिंत सरळ आहे का ते बघायचं दोरीला टांगलेलं वजन. भाऊजी गवंडी. "अरे, चाळीस वर्षं याच्या भरवशावर भिंती उचलल्या," ते कुजबुजले. "हा खोटं कसं बोलेल?"

"मला सुईची गरज आहे का?" ताईने विचारलं. ओळंबा गोल फिरला. टाळ्या!

मला राहवेना. मी ओळंबा घेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. "आता विचारा, बाबा."

बाबांनी तीनदा विचारलं. ओळंबा ढिम्म.

"त्याला भक्ताचा हात लागतो! हातात असला की बंद चिठ्ठीतलंही ओळखतो!"

मी लगेच चिठ्ठी लिहिली, घडी घालून ताईपुढे ठेवली. पुन्हा सुईचंच विचारलं असणार, असं तिला वाटलं. ओळंबा गोल फिरला. नाही.

भाऊजींनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, "मी तुझा सख्खा भाऊ आहे का?"

हॉल हसला. ताई हसली नाही. "म्हणजे मीच हलवत होते?"

"नकळत. मनात जे असतं, तिकडे बोटं जरा कलतात. दोरा तेच मोठं करून दाखवतो."

"कंटाळा आलाय रे मला त्या सुईचा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

भाऊजींनी ओळंबा खिशात टाकला. "तो थांबल्याशिवाय मी कधी वीट लावली नाही. आज हलत्याचं ऐकलं! चल, आधी दवाखान्यात."

बाबा मागून ओरडत होते. मी दारात वळून लोकांना एवढंच सांगितलं, "तुमचे दोरेही एकदा खिळ्याला टांगून बघा. आणि औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका."

निघताना पाहिलं, तर खिळ्यापाशी रांग लागली होती.