तिसरे भुंकणे

प्रोकोप ओल्शाने कमरेची तलवार सोडून न्यायाधीशापुढच्या लांब मेजावर ठेवली आणि गुडघे धरत तो खाली बसला. मेजाखाली शिरायला म्हाताऱ्याला वेळ लागत होता.

"सावकाश, काका. हाड मिळेल," मागून कोणीतरी म्हणाले आणि कचेरीभर हशा पिकला.

ओनुफ्री मेजाच्या टोकाला, साक्षीदाराच्या जागी बसला होता. तो हसला नाही. ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मिशीवरून हात फिरवत राहिला.

उमरावावर खोटा आळ घेणाऱ्याला ही शिक्षा पूर्वापार चालत आलेली. मेजाखाली जायचे, कुत्र्यासारखे खोटे बोललो असे कबूल करायचे आणि तीनदा भुंकायचे. एक जरी कमी पडले तर उमरावपण गेले, पुढे पोराबाळांनी कुळे म्हणून राबायचे. तसे प्रोकोपचे उमरावपण ते केवढे? नांगर स्वतःच धरायचा, फक्त कमरेला तलवार लटकवून. पण तेवढ्यावर तो गावात ताठ चालायचा.

आणि आळ खोटा नव्हताच. सरदार ख्माराच्या स्वारांनी प्रोकोपची गिरणी पेटवली, ओढ्याकाठची जमीन घशात घातली, हे सगळे ओनुफ्रीने शेजारच्या शेतातून धडधडीत पाहिले होते. प्रोकोपने फिर्याद केली ती त्याच्याच भरवशावर. पण राजा लांब, त्याचा हुकूम या गवताळ मुलखात पोचेपर्यंत थकून जायचा. तातारांची धाड आली की बायकापोरांना आत घेणारा किल्ला एकच, तो ख्माराचा. ओनुफ्रीच्या घरी दोन लहान मुली होत्या. सकाळी क्रूसावर हात ठेवून तो म्हणाला होता, "धुकं होतं. मला काही दिसलं नाही."

तेव्हा प्रोकोपने त्याच्याकडे पाहिले होते. रागाने नाही. याला ताप तर नाही ना, असे पाहावे तसे. ती नजर ओनुफ्रीला अजून सोसवत नव्हती.

"मी कुत्र्यासारखा खोटं बोललो," मेजाखालून आवाज आला. मग एक भुंकणे. दुसऱ्या वेळी आवाज फाटला आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना.

"अजून एक राहिलंय," न्यायाधीश म्हणाला. "आवरा, जेवणं खोळंबलीत."

खाली चाचपडणाऱ्या हाताने आधारासाठी कोणाचा तरी पाय धरला. तो ओनुफ्रीचा होता. ओनुफ्री ताडकन उठला. धुके नव्हते, एवढेच त्याला सांगायचे होते. त्याने तोंड उघडले. समोर ख्मारा बसला होता, भुवई किंचित उचलून.

ओनुफ्रीच्या तोंडून निघाले ते भुंकणे. मोठे, स्वच्छ.

सगळ्या माना ख्माराकडे वळल्या. मग ख्मारा हसला आणि त्याच्यामागून सगळे हसले.

"झाली तीन," न्यायाधीश डोळे पुसत म्हणाला. "कोणाची का असेनात."

"अरे, तू एवढा नकल्या असशील असं वाटलं नव्हतं," ख्मारा म्हणाला आणि सरकून त्याने आपल्या शेजारी जागा केली. "ये, इथं बस."

प्रोकोप बाहेर आला. त्याच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. ओनुफ्रीने तलवार उचलून त्याच्या हातात दिली.

"काका, तुमचं उमरावपण जाऊ नये म्हणून मी..." तो हळूच म्हणाला.

"कळलं रे मला," म्हातारा पट्टा आवळत म्हणाला. "तिन्हींत तुझंच खरं वाटलं."

तो दाराकडे चालू लागला. लोकांनी त्याला वाट करून दिली. ख्माराने जागा अजून धरून ठेवली होती. ओनुफ्री गेला आणि तिथे बसला.